बागेसह घर विकणे आहे

दिवाळीला मुलं घरी येतात आणि घर विकायचा विषय निघतो. शिरूर आणि दौंड तालुक्यांत हे आता इतक्या घरांतून घडतं की कुणाला त्याचं नवल वाटत नाही. घराचं रूपही ओळखीचं असतं. फंडाच्या पैशातून बांधलेल्या चार खोल्या, पुढे पडवी, अंगणात तुळशीवृंदावन, मागे विहीर किंवा बोअर आणि भोवती दहा-पंधरा गुंठ्यांची बाग. बांधणारा कुणी दौंडच्या रेल्वेतला, कुणी तिथल्या राज्य राखीव पोलीस दलातला, कुणी भीमा-पाटस नाहीतर घोडगंगा कारखान्यातला, कुणी माध्यमिक शाळेतला शिक्षक. त्यानं दरवर्षी नारळाची आळी केली, चिकूला शेणखत घातलं, चार-पाच वर्षांनी घराला रंग दिला, गच्ची गळू लागायच्या आत दुरुस्त करून घेतली. आता गुडघे साथ देत नाहीत. मुलगा हिंजवडीत नाहीतर हॅम्बुर्गला आणि बागेला पाणी घालायला माणूस मिळत नाही.

मग एजंट येतो. घरात पाऊल टाकायच्या आधी तो विचारतो, "गुंठे किती बसतात?"

या एका प्रश्नानं सगळा व्यवहार ठरून जातो. भाव गुंठ्याचा होतो. घर हे पाडण्याचा खर्च म्हणून वजा होतं आणि पंचवीस वर्षांची बाग मोकळी जागा म्हणून मोजली जाते. ज्यानं घर जपलं आणि ज्यानं ते पडू दिलं, त्या दोघांना शेजारी-शेजारी एकच भाव मिळतो. हा अन्याय आहे. तो कुणी मुद्दाम करत नाही. विकणाराच आपल्या घराची बाजू मांडत नाही, म्हणून तो होतो.

सरकार जेव्हा जमीन घेतं तेव्हा असं होत नाही, ही गोष्ट इथल्या शेतकऱ्याला चांगली ठाऊक आहे. पाटसहून निघणारा संत तुकाराम पालखी मार्ग असो की दुसरा कुठला रस्ता, भूसंपादनात जमिनीची किंमत वेगळी, बांधकामाची वेगळी, विहिरीची वेगळी आणि झाडांची वेगळी धरली जाते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या २९व्या कलमात हे स्पष्ट लिहिलं आहे: इमारतीसाठी अभियंत्याची मदत घ्यावी, झाडांसाठी शेती, वनशेती किंवा फलोत्पादनातल्या जाणकाराची. म्हणजे फळ धरणाऱ्या आंब्याची किंमत काढण्याची रीत अस्तित्वात आहे. भूसंपादनात तोच शेतकरी एकेका झाडासाठी हरकत नोंदवतो, आणि खासगी खरेदीत मात्र संपूर्ण बाग न बोलता सोडून देतो.

मुद्रांक शुल्कासाठी वापरायचा वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे आपला रेडी रेकनर, याबाबतीत विकणाऱ्याच्या मदतीला येत नाही. त्यात बांधकामाचं वय वाढेल तसा घसारा धरला जातो. तीस वर्षांचं जपलेलं घर आणि तीस वर्षांचं गळकं घर त्याच्या लेखी सारखंच. तो तक्ता शुल्क आकारण्यासाठी आहे. बाजारभाव सांगणं हे त्याचं काम नाही. तरी भाव करताना दोन्ही बाजू त्याच आकड्यावर बोट ठेवतात.

या दोन तालुक्यांत पाण्याकाठच्या घराला वेगळं मोल आहे. शिरूर घोडनदीच्या काठी वसलेलं, लोक गावालाही घोडनदीच म्हणत आले. दौंड भीमेच्या काठी. रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेत मिळते, चिंचणीला घोड धरणाचा जलाशय पसरलेला आहे. आणि दौंड तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला, राजेगाव-खानोट्याच्या बाजूला, उजनीचं पाणी येऊन टेकतं. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आणि जलाशयाचं नाव यशवंतसागर. समुद्र दोनशे किलोमीटरवर असलेल्या या मुलखाला मिळालेला हा खराच सागर आहे. चांगल्या पावसाळ्यानंतर दिवाळीच्या सुमारास पाणी काठोकाठ असतं, थंडीत रोहित पक्षी उतरतात, आणि भिगवणला पक्षी बघायला आलेला पुण्याचा माणूस परत जाताना काठावरच्या घराची चौकशी करून जातो.

पण इथेच विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं सगळ्यात जास्त सावध राहायला हवं. धरणाच्या पूर्ण पातळीपर्यंतची जमीन प्रकल्पासाठी संपादित झालेली असते. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं तेव्हा उघडी पडणारी गाळाची जमीन जलसंपदा खात्याची. ती गाळपेर म्हणून काही मुदतीसाठी कसायला दिली जाते. तिच्यावर कुणाची मालकी होत नाही. कुंपणापासून पाण्यापर्यंत वर्षानुवर्षं भुईमूग किंवा कलिंगड घेतलेला माणूस ते सगळं "आपलंच" म्हणून दाखवतो, आणि पाहुणा त्यावर विश्वास ठेवतो. पुढे मोजणी झाली की दहा गुंठ्यांची बाग सहावर येते. मग बाकीच्या चार गुंठ्यांच्या पैशांवरून वाद, आणि वादातून कोर्ट.

दुसरी गोष्ट पाण्याच्या पातळीची. उजनीचा मृतसाठाच सुमारे ६३ टीएमसी आहे आणि अवर्षणाच्या साली धरण त्याच्याही खाली जातं. त्याला इथे 'मायनसमध्ये गेलं' म्हणतात. दिवाळीत बागेच्या पायाशी असलेलं पाणी मे महिन्यात पार लांब जातं आणि मध्ये भेगाळलेला गाळ उरतो. पुण्याच्या सांडपाण्यानं आलेली जलपर्णी आणि तिचा वासही असतो. प्रामाणिक विकणाऱ्यानं घेणाऱ्याला दोन्ही मोसमांतले फोटो दाखवावेत. मे महिन्यातला फोटो बघूनही ज्याला घर हवंसं वाटतं, तोच खरा गिऱ्हाईक. बाकीचे विसार देऊन नंतर मागे फिरतात.

नदीकाठी पूररेषेचा प्रश्न येतो. साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेनं दाखवतात, १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषेनं. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी मिळत नाही, दोन रेषांमधल्या पट्ट्यात ती अटींवर मिळते. जुनं घर या पट्ट्यात असेल तर ते तसंच्या तसं विकता येईल, पण पाडून दुप्पट मोठं बांधायचं स्वप्न घेऊन आलेला माणूस फसेल. उलट पाहिलं, तर अशा जागी जपलेल्या घराचं मोल फार मोठं आहे, कारण ते पाडलं तर पुन्हा उभं राहीलच असं नाही. गुंठ्याचा भाव लावणाऱ्याला हे सांगायला हवं, आणि सांगायची जबाबदारी विकणाऱ्याची.

बागेतलं घर हाताळायची या भागाला जुनी सवय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिरूरला इंग्रजांची मोठी छावणी होती. १८१७ च्या ३१ डिसेंबरला कोरेगावकडे निघालेली कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी इथूनच निघाली. पुढे पूना हॉर्स या घोडदळाचा तळ इथे दीर्घकाळ होता. १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर इथे आहे आणि लोक त्याला सत्पुरुष मानून नवस बोलत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये सापडते. छावण्यांमध्ये बदली झालेला अधिकारी आपला बंगला, बाग आणि सामानसुमान येणाऱ्या अधिकाऱ्याला विकून जाई, ही त्या काळची सर्रास रीत. येणाऱ्याला राहायला तयार घर आणि फळं देणारी बाग मिळे. त्यानं ते पाडायचा प्रश्नच नव्हता.

दौंडला ती परंपरा रेल्वेनं आणली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि गाव जंक्शन झालं. इंजिन ड्रायव्हर, गार्ड, फोरमन यांच्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांत अँग्लो-इंडियन कुटुंबं मोठ्या संख्येनं होती. कौलारू घर, पुढे व्हरांडा, कुंडीतली जिरॅनियम आणि मागे पेरूची झाडं. १९४७ नंतर त्यांतली अनेक कुटुंबं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला गेली. त्याच तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी १८९० च्या दशकात माळरानावर जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली आणि मुक्ती मिशन उभं केलं. १९२२ मध्ये त्यांचं तिथेच निधन झालं. संस्था आजही त्याच जागी आहे. दौंडच्या कोरड्या मातीत बाग उभी राहायला किती कष्ट आणि किती वर्षं लागतात, याचा हा पुरावा डोळ्यांसमोर असताना तिला 'मोकळी जागा' म्हणणं पटत नाही.

ही गत छोट्या माणसाच्याच घराची होते असं नाही. मुंबईच्या मलबार हिलवरचा 'मेहरांगीर' हा होमी भाभांचा बंगला. १९६६ मध्ये विमान अपघातात त्यांचं निधन झाल्यावर तो त्यांचे बंधू जमशेद भाभा यांच्याकडे राहिला, आणि २००७ मध्ये ते गेल्यावर एनसीपीए या कलासंस्थेकडे आला. जमशेद भाभांनी तो अखेरपर्यंत जपला होता. २०१४ च्या जूनमध्ये त्याचा लिलाव झाला आणि ३७२ कोटी रुपयांना तो गोदरेज घराण्यातल्या स्मिता कृष्णा-गोदरेज यांनी घेतला. अणुऊर्जा खात्यातल्या लोकांनी तिथे स्मारक व्हावं म्हणून धडपड केली, कोर्टात गेले. २०१६ मध्ये बंगला पाडला गेला. व्यवहार कायदेशीर होता, घेणाऱ्याचा हक्कही निर्विवाद होता. पण ३७२ कोटींत भिंती, जिना, बाग यांच्या वाट्याला काय आलं असेल, हे पाडण्यातूनच कळतं. किंमत जमिनीची होती.

ब्रीच कँडीच्या समुद्रावर असलेल्या 'लिंकन हाऊस'ची गोष्ट वेगळा धडा देते. वांकानेरच्या महाराजांचा हा राजवाडा १९५७ मध्ये अमेरिकी सरकारनं ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतला आणि तिथे वकिलात चालवली. २०१५ मध्ये पुण्याचे उद्योगपती सायरस पूनावाला यांनी तो ७५० कोटींना घ्यायचं ठरवलं. वास्तू उत्तम, घेणारा तयार, पैसे तयार. तरी जमिनीच्या हक्काबाबतच्या सरकारी हरकतींमुळे व्यवहार वर्षानुवर्षं अडकून पडला. अमेरिकी सरकारचं घर कागदांवर अडतं, तर शिरूरच्या निवृत्त शिक्षकाचं अडेल यात आश्चर्य नाही.

म्हणून घराच्या निगेत कागदांची निगा येते, आणि ती रंगकामापेक्षा जास्त महत्त्वाची आहे. या दोन तालुक्यांत कोणते कागद कुठे अडतात, ते नीट पाहण्यासारखं आहे.

घर गावठाणात असेल तर लोकांच्या हातात ग्रामपंचायतीचा आठचा उतारा असतो. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. मालकीसाठी मिळकत पत्रिका लागते आणि ती अनेक गावांत अलीकडेपर्यंत नव्हतीच. पुणे जिल्ह्यातल्याच पुरंदर तालुक्यात सोनोरी इथे ड्रोननं गावठाण मोजण्याचा राज्यातला पहिला प्रयोग झाला; २०२० मध्ये केंद्रानं स्वामित्व योजना म्हणून ते काम देशभर नेलं. आपल्या गावाची मोजणी झाली असेल तर सनद आणि मिळकत पत्रिका हातात घेतल्याशिवाय विक्रीची भाषाच करू नये.

घर मळ्यात असेल तर सातबारा. त्यात पहिल्यांदा बघायचं ते भोगवटादार वर्ग. वर्ग १ असेल तर विकणं सोपं, वर्ग २ असेल तर आधी शासनाची परवानगी. मग इतर हक्कांचा रकाना. चासकमान, भामा आसखेड अशा प्रकल्पांमुळे या भागातल्या कित्येक उताऱ्यांवर 'पुनर्वसनासाठी राखीव' असा शेरा बसलेला आहे. तो शेरा कमी करून घ्यायला वेळ लागतो. विसार घेतल्यावर तो सापडला तर घेणारा घाबरतो आणि भाव पडतो. सोसायटीचं फेडून झालेलं कर्जही उताऱ्यावर तसंच राहिलेलं असतं. त्याचा बोजा कमी करायला सोसायटीचा दाखला आणि एक अर्ज पुरतो, पण तो कुणी देत नाही.

त्यानंतर सगळ्यात मोठी अडचण. मळ्यातलं घर बिनशेती झालेलं नसेल तर १९४८ च्या कुळकायद्याच्या ६३व्या कलमानुसार ते शेतकरी नसलेल्या माणसाला थेट विकता येत नाही. नदीकाठच्या बागेवर जीव जडलेला मुंबईचा डॉक्टर कितीही पैसे द्यायला तयार असो, त्याच्या नावावर कुठेही शेती नसेल तर गाडी अडते. त्यात तुकडेबंदी. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे किमान क्षेत्र ठरलं. २०२५ मध्ये सरकारनं रहिवासी भागासाठी हा कायदा सैल करण्याची पावलं उचलली. नियम बदलत आहेत, तेव्हा चौकातल्या ऐकीव माहितीवर न जाता तहसील कार्यालयात आणि वकिलाकडे विचारावं. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झालं, शिरूर आणि दौंडचा काही भाग त्याच्या हद्दीत येतो. आपलं गाव त्यात असेल तर बांधकामाच्या परवानगीचा कागद तिकडचा लागेल.

विहीर आणि रस्ता या दोन गोष्टी दस्तात नेमक्या लिहिल्या नाहीत तर चांगली बाग दोन वर्षांत वाळते. भावकीच्या सामाईक विहिरीत चार आणे हिस्सा, आठवड्यातून दोन दिवसांची पाळी, मोटार कुणाची, वीजबिल कुणाच्या नावावर, पाइपलाइन कुणाच्या बांधाखालून गेली, हे सगळं आजपर्यंत तोंडी चाललेलं असतं. विकणारा चुलतभाऊ होता तोवर कुणी बोललं नाही, परका आला की पाणी बंद होतं. वहिवाटीच्या रस्त्याचंही तसंच. अडवलेला रस्ता मोकळा करायला १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, पण घेणाऱ्याला घराबरोबर खटला देऊ नये. बांधावरच्या शेजाऱ्यांशी बसून, रस्ता आणि पाणी लेखी करून मग घर दाखवावं.

झाडांबद्दल कायदा काय म्हणतो हे फार थोड्यांना माहीत असतं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात इमारती लाकडाची झाडं, उभं पीक आणि गवत यांना स्थावर मालमत्तेतून वगळलं आहे. फळझाडं मात्र जमिनीबरोबर जातात. म्हणजे खरेदीखतात वेगळं काही लिहिलं नाही, तर आंबा, चिकू, नारळ घेणाऱ्याचे होतात, आणि परसातल्या सागावरून मात्र भांडण होऊ शकतं. आंबा, चिंच, फणस, जांभूळ ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. ती तोडायला परवानगी लागते. 'घेतल्यावर सगळं साफ करून प्लॉट पाडू' असं म्हणणाऱ्याला हे सांगायला हवं. चिंचेच्या चार जुन्या झाडांनी प्लॉटिंगचा आराखडा बदललेला दिसला तर त्यात वाईट काही नाही.

त्याच १८८२ च्या कायद्याचं ५५वं कलम विकणाऱ्यावर एक जबाबदारी टाकतं: मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष आपल्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळणार नाही, तो त्याला सांगितला पाहिजे. उन्हाळ्यात बोअर आटतो का, पुराचं पाणी कुठवर आलं होतं, शेजारच्या गुऱ्हाळाचा धूर हंगामात घरात येतो का, कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांच्या बाजूला विहिरीचं पाणी पिण्याजोगं आहे का. आणि बिबट्या. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसांचे जीव गेले, त्यांत लहान मुलं होती. उसाला लागून असलेल्या घराच्या अंगणात संध्याकाळी मूल खेळू शकतं का, हा प्रश्न बाहेरून येणारी आई विचारणारच. तिला खरं सांगणं हे कायद्यापलीकडचंही कर्तव्य आहे. कुंपण केलं असेल, दिवे लावले असतील, तर तेही सांगावं; त्यालाही पैसा आणि विचार लागलेला असतो.

भूमध्य समुद्राच्या काठी घर विकण्याची रीत इथे तुलनेसाठी उपयोगी पडते. तिथेही नोकरी संपवून बांधलेलं घर, लिंबाची झाडं, बोगनवेल, म्हातारे मालक आणि दूर गेलेली मुलं. फ्रान्समध्ये विकणाऱ्याला घराच्या तपासण्यांची फाइलच द्यावी लागते: वीज, गॅस, वाळवी, शिसं, अॅस्बेस्टॉस, ऊर्जेचा वापर. स्पेनमध्ये २०१३ पासून ऊर्जा प्रमाणपत्राशिवाय घर विकता येत नाही, आणि मालक कोण, कर्ज किती हे सांगणारा नोंदणी कार्यालयाचा छोटा उतारा सहज मिळतो. स्पेनच्या १९८८ च्या किनारा कायद्यानं समुद्रकाठ सार्वजनिक ठरवला आणि तिथल्या कित्येक घरमालकांना मालकीऐवजी मुदतीचा वापरहक्कच उरला. आपल्या उजनीकाठच्या गाळपेरीशी हे किती जुळतं! तिकडच्या रीतीतून घ्यायची गोष्ट एकच: घर चांगलं आहे की वाईट, हे सांगणारा कागद विकणारा स्वतः तयार ठेवतो.

महाराष्ट्रात असा नियम नाही. नियमाची वाट बघायचं कारणही नाही. शंभर पानी वही पुरेल. तिच्यात घर कुठल्या साली बांधलं, पाया किती खोल, गच्चीची दुरुस्ती कधी, वायरिंग कधी बदललं, सेप्टिक टँक नेमका कुठे, बोअर किती फुटांवर लागला, मोटार किती एचपीची, ठिबकचे व्हॉल्व कुठे. पुढे झाडांची यादी: जात, लावल्याचं साल, फळ कधीपासून, खत कधी. कलमी चिकू तीन-चार वर्षांत फळायला लागला तरी भरघोस यायला आठ-दहा वर्षं लागतात, उंच जातीचा नारळ धरायला पाच-सात. ही वर्षं विकत मिळत नाहीत. मूल्यांकनकाराकडून बांधकामाची आणि कृषी पदवीधराकडून बागेची किंमत काढून घ्यावी आणि ती वहीला जोडावी. वही समोर ठेवली की बोलणं गुंठ्यावरून घरावर येतं.

बिलं जपण्याचं आणखी एक कारण कर आहे. २३ जुलै २०२४ पासून स्थावर मालमत्तेच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, महागाई निर्देशांकाचा लाभ त्यात नाही. त्याआधी घेतलेल्या घर-जमिनीसाठी निवासी भारतीय व्यक्तीला निर्देशांकासह वीस टक्क्यांचा पर्यायही ठेवला आहे, जो कमी पडेल तो घ्यावा. दोन्हीत वाढीव बांधकाम, कुंपण, बोअर अशा सुधारणांचा खर्च नफ्यातून वजा होतो, रंग आणि किरकोळ डागडुजीचा होत नाही. बिल नसेल तर सुधारणा झालीच नव्हती असं धरलं जातं. मुलगा परदेशात स्थायिक आणि घर त्याच्या नावावर असेल तर घेणाऱ्याला कापावा लागणारा कर बराच मोठा असतो. ही गोष्ट विसाराच्या आधी कळायला हवी.

आता भाऊबीजेबद्दल. बहिणी त्या दिवशी माहेरी येतात आणि जेवणं झाल्यावर त्यांच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं जातं. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, २००५ मध्ये केंद्राचा कायदा बदलला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात हा हक्क जन्मानं मिळतो हे स्पष्ट केलं. तरी 'ताई, तुझी फक्त सही लागेल' एवढ्यावर काम उरकलं जातं. हे थांबलं पाहिजे. जिनं लग्नाआधी त्या बागेला पाणी घातलं तिला भाव काय आला, घेणारा कोण, तिच्या वाट्याला किती, हे विचारायचा पूर्ण अधिकार आहे. तिनं स्वखुशीनं हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण तो समजून-उमजून, आणि नोंदणी केलेल्या दस्तानं. सह्या घाईत घेतलेल्या व्यवहारांचे दावे दौंड आणि शिरूरच्या कोर्टांत वर्षानुवर्षं चालतात, आणि त्या काळात बागेला कुणीच पाणी घालत नाही.

घेणारा निवडायचा अधिकार विकणाऱ्याचा असतो, हेही लोक विसरतात. चार पैसे जास्त देणारा प्लॉटिंगवाला आणि थोडं कमी देऊन राहायला येणारं कुटुंब यांत ज्याला जे परवडेल ते त्यानं करावं. म्हाताऱ्या जोडप्याच्या औषधपाण्याचा प्रश्न असेल तर जास्त पैसे घेण्यात कसलाच कमीपणा नाही. पण पर्याय समोर आलाच नाही, असं होऊ नये. पुण्या-मुंबईतून निवृत्त होऊन शेतीच्या उताऱ्यावर नाव असलेले, परत गावाकडे यायच्या विचारातले अनेक जण तयार घर शोधत असतात. बाग लावायला त्यांच्याकडे वीस वर्षं उरलेली नाहीत. अशांपर्यंत जाहिरात पोहोचायची तर तिच्यात 'पंधरा गुंठे, रोड टच' एवढंच लिहून भागत नाही. विहिरीला बारमाही पाणी, सात नारळ, चार केशर, पूररेषेबाहेर, वर्ग १, बोजा नाही, शंभर वर्षांची चिंच असं सगळं खरंखुरं लिहावं.

व्यवहार ठरला की पावलं ठरलेली आहेत. विसार पावती, तीस वर्षांचा टायटल सर्च, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, मोजणी, साठेखत, खरेदीखत. घेणारी स्त्री असेल आणि घर निवासी असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून आहे. दस्त नोंदला की सूची क्रमांक दोन मिळते, फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात आणि मंडल अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली की सातबाऱ्यावर नाव बदलतं. नाव बदलेपर्यंत बागेचं पाणी कोण घालणार, हे साठेखतातच लिहून ठेवावं. उन्हाळ्यात दोन महिने पाणी न मिळालेली चिकूची झाडं ताबा घेणाऱ्याच्या पहिल्याच दिवशी वाळलेली दिसतात, आणि तिथून भांडण सुरू होतं.

या दिवाळीत घरी सगळी भावंडं जमली असतील आणि विषय निघालाच, तर एजंटला फोन करण्याआधी एवढं करा. महाभूलेखवरून आजचा सातबारा आणि आठ-अ काढा, इतर हक्कांचा रकाना सगळ्यांनी मिळून वाचा, बहिणींना शेजारी बसवा. मग आई-वडिलांना बागेत घेऊन जा आणि कुठलं झाड कुठल्या साली लावलं ते त्यांच्या तोंडून वहीत उतरवून घ्या. हे सांगणारं दुसरं कुणी नाही, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ते राहून जाऊ देऊ नका.